बॅटरीवाले तात्या

तात्यांना एका जागी बसलेलं मी फारसं पाहिलं नाही. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, तरी पाय थांबेनात. भवानीनगरच्या साखर कारखान्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली की हातात बॅटरी घेऊन ते या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत. ड्रायव्हरला म्हणत, "तंबाखू थुक, चूळ भर आन् आ कर." त्यांचा धाकटा भाऊ तोंडाच्या कॅन्सरने गेला होता. गालातली जखम त्याने घरात कुणाला दाखवलीच नव्हती.

माणसं हसत, टाळत. "मला काय झालंय, तात्या?" असं कुणी म्हणालं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "झालं न्हाय तवरच जायचं. झाल्यावर समदेच जात्यात."

एकदा बारामतीला तपासणीचं शिबिर होतं. तात्यांनी जीप ठरवली. बाराजण येतो म्हणाले, आले चौघं. तंबाखू मीही खायचो, पण शेतातल्या पाण्याच्या पाळीचं निमित्त सांगून आमच्या लासुर्ण्यातच राहिलो. जीप पुढे धाडून तात्या मोटरसायकलवर थेट माझ्या बांधावर आले. "तुझं भरणं होऊ दे. मी हाय हितंच." दुपारी भरणं संपलं तसं मला मागे बसवून घेऊन गेले.

माझ्या गालाच्या आत पांढरा चट्टा निघाला. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत तात्या रोज येत, अंगणात येरझाऱ्या घालत आणि चहा अर्धा टाकून जात. रिपोर्ट आला, कॅन्सरची नुकती सुरुवात होती. छोट्या ऑपरेशनवर निभावलं.

पुढे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. बोलता बोलता तात्या सारखे लघवीला उठत आणि बऱ्याच वेळाने परतत. मी विचारलं, "तात्या, तुमी तपासून घेतलं का?"

"वयाचं हाय ते," म्हणाले आणि विषय बदलला. मीही रेटलं नाही. ते अजून मला खातं. तात्यांची कंबर धरली म्हणून त्यांच्या मुलाने दवाखान्यात नेलं, तेव्हा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पोचला होता.

शेवटचे भेटलो तेव्हा ते खाटेवर सारखी कूस बदलत होते. म्हणाले, "लोकांची तोंडं बघत फिरलो, पन कमरंखालचं डॉक्टरला सांगायची लाज वाटली. हे समद्यांना सांग. माझं नाव घेऊन सांग."

यंदा हंगाम सुरू झाला तसा मी ट्रॅक्टरांच्या रांगेत गेलो. तात्यांचं नाव घेऊन त्यांचं दुखणं सांगितलं, तपासायला कुठं जायचं तेही सांगितलं. मी निघालो, तेव्हा साठीचे एक आबा हळूच मागून आले. इकडंतिकडं बघत म्हणाले, "मलाबी तसंच व्हतंय. कुठं जायचं म्हनालास?"

मी नुसता पत्ता सांगितला नाही. "उद्या सकाळी तुमच्या दारात येतो," म्हणालो.