सांडेल तीच पावडर

आर्डिस लिंडक्विस्टला कुणी वयाची आठवण करून दिली, की ती त्याला परसात नेऊन पिवळी बस दाखवायची. काउंटीने लिलावात काढलेली शाळेची बस. तिने ती कोंबड्यांसाठी विकत घेतली होती.

"तीस वर्षं ही चालवली," ती म्हणायची. "माँटानाच्या खडीच्या रस्त्यांवर, बर्फात, लोकांची पोरं पोटात घेऊन. एकदा तरी चरात घातली? मग वय कुणाला सांगतोस?"

त्यावर कोंबड्या तेवढ्या बोलायच्या.

तिचा दुसरा अभिमान गॅरेजमध्ये होता, काडतुसं भरायच्या बाकावर. नवरा मर्ल असताना दोघं शेजारी बसून भरत. उडवलेल्या पितळी पुंगळ्या धुवायच्या, बुडात ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, मापाने पावडर सोडायची, वर गोळी दाबायची. मर्ल यंत्राचा दांडा ओढायचा, आर्डिस पावडर बघायची. मर्ल गेला आणि दोन्ही कामं तिच्याकडे आली. घरात रिव्हॉल्व्हरं तीन: तिचं अडतीस कॅलिबरचं, मर्लचं चव्वेचाळीसचं, आणि त्याने लेकीसाठी, कार्लासाठी, ठेवलेलं पंचेचाळीसचं. रविवारी चर्च उरकलं की धान्याच्या कोठ्यांमागच्या मैदानावर पोलादी तबकड्या पाडायला ती हजर. विकतची काडतुसं तिने कधी वापरली नव्हती. विकतचा पाव खाणाऱ्यांविषयी तिचं जे मत होतं, तेच विकतच्या काडतुसांविषयी.

मागच्या हेमंतात मात्र घोळ झाला. पुंगळ्या फळीच्या भोकांत उभ्या करून ती ओळीने पावडर सोडत होती, तेवढ्यात बाकावरचा फोन वाजला. बोलून वळली तर कुठवर भरलं होतं तेच आठवेना. मर्लची लाडकी पावडर रव्यासारखी बारीक. चिमूटभर लागते, आणि खोल पुंगळीच्या तळाशी जाऊन बसते ती दिसतही नाही. एकाच पुंगळीत दोन मापं पडली तरी कळायचं नाही. कळतं ते चाप ओढल्यावर, आणि तेव्हा रिव्हॉल्व्हर फुटलेलं असतं. शंका आली तेव्हा गोळ्याही बसवून झाल्या होत्या. मग आर्डिसने हातोडीसारख्या हत्याराने ठोकून ठोकून एकूण एक काडतूस उलगडलं. एकात दोन मापं निघालीच.

नेमकी त्याच वेळी कार्ला दारात उभी.

"आई, हे काय?"

"उलगडतेय."

"का?"

आर्डिसला खोटं बोलता येत नसे, त्यामुळे सगळं सांगावं लागलं. कार्ला इस्पितळात अपघात विभागात नर्स. ती खुर्चीत बसली नाही, उभ्यानेच बोलली.

"बाक ड्वेनकाकाकडे जाईल. तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आणि बोटं नसलेली माणसं मी रोज बघते."

"ती धान्याच्या यंत्रात हात घालणारी."

"आई!"

"ईस्टरपर्यंत थांब," आर्डिस म्हणाली. "त्या दिवशी मी तुझ्या आणि ड्वेनच्या समोर भरीन. तेव्हाही भीती वाटली तर बाक ने. मीच उचलू लागेन."

बाक गेला असता तर उरल्या असत्या कोंबड्या आणि टीव्ही. टीव्हीपेक्षा कोंबड्या बऱ्या, पण तेवढ्यावर दिवस निघत नाही.

दुसऱ्याच दिवशी तिने मर्लचं फडताळ खाली केलं. सहा-सात डबे. इतके डबे म्हणजे मापात उरलेली पावडर कधीतरी भलत्याच डब्यात परत जाणार. यापुढे घरात एकच डबा, असं तिने ठरवलं. एका बरणीवर चिठ्ठीच नव्हती. ती तिने रुबार्बच्या भाजीच्या वाफ्यात विखरून टाकली, खत म्हणून. नाव नसलेली पावडर भरायची नसते, एवढं तर इथलं शेंबडं पोरही सांगेल.

मर्लचा धाकटा भाऊ ड्वेन हे बघायला मुद्दाम आला. त्याच्या स्वतःच्या फडताळात प्रत्येक रिव्हॉल्व्हरला वेगळी पावडर.

"आर्डिस, मर्लचा जन्म गेला हे डबे जमवण्यात."

"माझ्याबरोबरही गेला. मला ठेव फडताळात."

"तीन रिव्हॉल्व्हरांना एकच पावडर? म्हणजे सगळ्या पाहुण्यांना एकाच मापाचे बूट!"

"काडतुसं भरायच्या पुस्तकात तिन्हींसाठी जिचं माप दिलंय, तीच घेणार. आणि तुला उद्योग नसेल तर त्या पुंगळ्या इकडे दे."

तिन्ही रिव्हॉल्व्हरांना चालतील अशा तीन पावडरी तिने निवडल्या होत्या. टोप्या न बसवलेल्या रिकाम्या पुंगळ्या मांडल्या आणि प्रत्येकीत पुस्तकातलं माप दोनदा ओतलं. ड्वेनला वाटलं, बाई बिघडली.

"अगं, लोक वेग बघतात, नेम बघतात, धूर किती होतो ते बघतात. तू काय बघतेस?"

"सांडते का ते."

मर्लची पावडर दोन मापांनंतरही पंचेचाळीसच्या पुंगळीत विहिरीत टाकलेल्या खड्यासारखी गडप. नापास. दुसरी काठाच्या जरा खाली थांबली. "म्हणजे पुन्हा माझ्या डोळ्यांवर भरवसा," आर्डिस म्हणाली. तीही नापास. तिसरी लाह्यांसारखी फुगीर. पहिल्या मापालाच पुंगळी निम्म्याच्या वर गेली. दुसऱ्या मापाला तिन्हींच्या काठावरून भसाभसा बाहेर.

"ही," आर्डिस म्हणाली.

"ही? ही तर गरिबाघरच्या चुलीसारखी धुरकट! हात काळे होतात. डबा बघता बघता संपतो. आणि दम नाही तिच्यात."

"हात धुता येतात, ड्वेन. नवे फुटत नाहीत."

दमाची परीक्षा तिने थंडीतच घेतली. लोकरी टोपी कानांपर्यंत ओढून मैदानावर गेली. अडतीसने तबकडी पाडली, चव्वेचाळीसने पाडली, पंचेचाळीसने पाडली. हातमोजे काळे झाले. ते तिने धुतले नाहीत, दारामागच्या खुंटीला टांगून ठेवले. ड्वेनला येता-जाता दिसावेत म्हणून.

ईस्टरला हॅम झालं, बटाटे झाले, आणि तिघं गॅरेजमध्ये गेली. कार्ला हाताची घडी घालून दाराशी. ड्वेन स्टुलावर, हातात कॉफी. बाकावर डबा एकच. आर्डिसने पंचेचाळीसच्या पुंगळ्या मांडल्या आणि सुरुवात केली. माप, पुढची पुंगळी. माप, पुढची.

ड्वेनला गप्प बसवत नव्हतं.

"मर्लने एल्क हरीण समजून शेजारच्या टॉर्व्हाल्डची गाय पाडली होती, आठवतं?"

"पाडली नव्हती. घाबरवली होती," आर्डिस हसली. "ती गाय नंतर महिनाभर त्याला बघून..."

आणि तिने त्याच पुंगळीत माप पुन्हा ओतलं.

पावडर काठावरून उतू गेली. फळीवर करडी रास झाली, काही शेजारच्या पुंगळ्यांत पडली, काही तिच्या मांडीवर. आर्डिसचे कान लाल झाले. गावभर टेंभा मिरवून ऐन वेळी घसरली होती.

"आई," कार्ला हळूच म्हणाली, "चुकलीस."

"चुकले," आर्डिस म्हणाली. मग तिने मान वर केली. "तुला कुठून दिसलं?"

"इथून."

"दारातून! चष्म्याशिवाय! मागच्या खेपेला मी नाकासमोर धरून बघत होते तरी दिसलं नव्हतं. चुकणार नाही असं मी कधी म्हटलं? चुकणारच. या वयात कोण चुकत नाही? म्हणून तर ही आणली. मी गप्प राहिले तरी ही बोंब मारते."

बोलता बोलता तिने सगळ्या पुंगळ्या रिकाम्या केल्या, फळी झटकली, सांडलेलं रुबार्बसाठी बाजूला काढलं आणि पुन्हा पहिल्या पुंगळीपासून सुरुवात केली. या वेळी ड्वेनने कॉफीच्या कपात तोंड घातलं. कार्ला जवळ येऊन फळीवर वाकली. सगळ्या पुंगळ्या सारख्या भरलेल्या, पावडर वरूनच दिसत होती. तिने ओळीने एकेक तपासली.

"बाक राहू दे," ती शेवटी म्हणाली. "पण भरताना फोन घरात ठेवायचा."

"फोनचं काय घेऊन बसलीस? तो ड्वेनपेक्षा कमी बोलतो."

संध्याकाळी तिघं मैदानावर गेली. ड्वेनचा एक नियम सगळ्या गावाला पाठ होता. दुसऱ्याने भरलेलं काडतूस तो उडवत नसे. मर्ल तेवढा अपवाद. प्रत्यक्ष येशूने भरून दिलं तरी तो नको म्हणेल, असं तो स्वतःच सांगायचा, पाद्रीबाबांसमोरसुद्धा. नियम वेडगळ नव्हता. दुसऱ्याच्या काडतुसावर आपली बोटं पणाला लागतात.

कार्लाचं झालं. आर्डिसचं झालं. ड्वेनने आपलं पंचेचाळीसचं रिव्हॉल्व्हर काढलं, खिशातली स्वतःची डबी चाचपली, आणि ती तशीच राहू देऊन आर्डिससमोर हात पसरला.

"तुझी आण इकडे."

आर्डिसने त्याच्याकडे बघितलं. "आणि येशूचं काय?"

"तो तीस वर्षं बस चालवत नव्हता."

तिने त्याच्या तळहातावर काडतुसं ठेवली. ड्वेनने ती भरली, नेम धरला. धुराचा भला मोठा लोट उठला, आणि त्या लोटापलीकडे तबकडी टण्णदिशी आडवी झाली.

"धूर फार आहे," ड्वेन खोकत म्हणाला, आणि दुसरी पाडली.