आठशे पावलांच्या आतलं घर

झेनोन दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सानोकच्या डेपोत एकतीस वर्षं बस चालवली. गाडी वेळेवर, मिशी नीट कातरलेली, बोलणं मोजकं. माणूस सरळ, पण एका बाबतीत अट्टल खोटारडा. सप्टेंबर उजाडला की सुट्टीच्या दिवशी पहाटेच्या पहिल्या बसमध्ये सायकल चढवून निघायचे आणि संध्याकाळी टोपली भरून अळंब्या आणायचे. तपकिरी टोपीच्या, बाळाच्या मनगटासारख्या जाड दांड्याच्या. नाताळच्या आदल्या संध्याकाळचं सार आमच्या घरी त्याच वाळवलेल्या अळंब्यांचं. कुठून आणल्या असं विचारलं की दर वेळी नवं गाव सांगायचे. माझी बहीण रोझालिया त्यांच्याबरोबर बेचाळीस वर्षं संसार करून गेली, पण तिलाही त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

आमच्या भागात यात कुणाला काही वावगं वाटत नाही. माणूस एक वेळ आपली पेन्शन सांगेल, अळंब्यांची जागा सांगणार नाही. पण मी काय परका आहे? सख्खा मेहुणा! एका वर्षी मी गुपचूप त्यांच्या मागावर गेलो. त्यांनी मला तीन तास दलदलीतून फिरवलं आणि मग एका ओंडक्यावर बसून, मागे वळूनही न बघता म्हणाले, "लेओन, घरी गेल्यावर बुटांत वर्तमानपत्र भरून ठेव. नाहीतर आकसतील." तो राग माझ्या मनात अजून आहे, उगाच कशाला लपवू.

यंदा जूनमध्ये दाजींचा उजवा खुबा बदलला. डॉक्टरांनी सांगितलं, सायकल बंद, कमरेतून वाकणं बंद, चालणं बेताचं. त्यांची मुलगी बेआता हिने लगेच खनिज पाण्याच्या आरोग्यधामाचे कागद आणले. "बाबा, तीन आठवडे. कोमट पाण्यात बसायचं, मालिश करून घ्यायचं."

"मला बरणीत खारवून ठेवायला मी काय काकडी आहे?" दाजी म्हणाले. "मला जंगलात घर बघा. लाकडी, साधं. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात."

"बाबा, तुम्हाला जिना उतरायला दहा मिनिटं लागतात."

"मग दहा मिनिटं आधी निघू."

त्यांचा हिशेब मला नंतर कळला. गाडीत दीड तास बसलं की पाय लाकूड व्हायचा, मग त्या दिवशी चालणं नाही. म्हणजे मुक्काम हवा. आणि जुलैअखेर काठी घेऊन ते एका दमात चालायचे दोनशे पावलं. आमच्या इमारतींच्या मधल्या अंगणात गालिचे झोडपायचा लोखंडी दांडा आहे, तिथून कचऱ्याच्या खोपटापर्यंत बरोबर शंभर. रोज सकाळी तिथे येरझाऱ्या. वरून बायका खिडकीतून ओरडायच्या, "झेनोनभाऊ, बस चुकली का?" ते टोपी उचलायचे आणि चालायचे. ऑगस्टच्या मध्यावर आठशे झाली. त्या दिवशी मला बोलावून म्हणाले, "दारापासून आठशे पावलं जायला, मग बसून विश्रांती, मग यायला आठशे. याच्यात बसेल असं घर शोध."

"कुठवर आठशे?" मी विचारलं.

"ते तुला काय करायचंय? तू फोन लाव."

मी फोन लावत गेलो आणि ते नाकारत गेले. पहिलं घर तळ्याकाठी, होडीसकट. "मला काय आरमारात भरती व्हायचंय?" दुसऱ्याच्या अंगणात गरम पाण्याचं लाकडी पिंप होतं, त्यात बसून म्हणे चांदण्या बघायच्या. "पुन्हा काकडी!" तिसऱ्याच्या छपराची उतरण पसंत नाही. छपराची उतरण! भाड्याच्या तीन दिवसांच्या घराची! मी फोन आदळला आणि म्हणालो, "दाजी, सुंभ जळाला तरी तुमचा पीळ जळत नाही." ते म्हणाले, "सुंभ अजून जळलेला नाही. पुढचा नंबर लाव."

मग ते स्वतःच मालकांशी बोलायला लागले. मागे झाडं कसली, बीच की देवदार? ओढा डाव्या हाताला की उजव्या? वाट चढते की सपाट? स्तेफानिया नावाच्या एका बाई शेवटी वैतागल्या. "साहेब, तुम्हाला राहायचंय की जंगल विकत घ्यायचंय?" आणि हे असे चार फोन त्यांनी चार वेगवेगळ्या खोऱ्यांत केले, सगळे माझ्यासमोर, सारख्याच आस्थेने. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांतले तीन मला चकवायला आहेत. घरावरून मी जागा ओळखीन, ही धास्ती! खुबा बदलला, स्वभाव तोच.

शेवटी ठरलं ते स्तेफानियाबाईंचंच. पूर्वी लाकूडतोड्यांचं होतं. एक खोली, लोखंडी चूल, विहीर, आणि संडास बाहेर वीस पावलांवर. बेआता फोटो बघून म्हणाली, "मामा, हे घर आहे की शिक्षा?" पण दाजींच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिनेही पाहिलं, आणि ती मुकाट्याने तयारीला लागली. ती आणि मी दोघांनी मिळून काही म्हणजे काही सोडलं नाही. संडासावर ठेवायची उंच बैठक घेतली. पलंग उंच करायला ठोकळे घेतले. बूट चढवायला हातभर लांबीची शिंगाची पट्टी. हातांची उंच खुर्ची, ती गाडीच्या टपावर बांधली. त्यांना कुठेही वाकावं लागू नये असा बंदोबस्त करून आम्ही निघालो.

पहिला दिवस पाय मोकळा होण्यात गेला. दुसऱ्या दिवशी उजाडताच दाजी कपडे करून, टोपली कोपरात अडकवून दारात उभे.

"एकटं जायचं नाही," बेआता म्हणाली. "पडलात तर?"

"पडलो तर ओरडेन."

"बाबा, मामाला न्या, नाहीतर मी गाडीची किल्ली विहिरीत टाकते." मुलगी त्यांचीच, टाकली असती.

दाजींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, उधारी मागायला आलेल्या माणसाकडे बघावं तसं. "चल. पण मागे राहा. आणि बडबड नको."

वाट ओढ्याच्या कडेने सपाट गेली होती. ते मनात मोजत होते, ओठ हलत होते. मीही मोजत होतो. पाचशेनंतर काठी जास्त रुतायला लागली. साडेसहाशेला ते थांबले, मान घामाने भिजलेली. एका पडलेल्या खोडाला टेकून उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "लेओन, ऐक. इथून पुढे मोठा दगड लागेल. त्याच्या उजवीकडून..."

चाळीस वर्षं ज्याच्यासाठी मी तळमळलो ते माझ्या पुढ्यात येऊन पडत होतं. आणि मला एकदम भीती वाटली. जागा मला सांगून मोकळे झाले की हा माणूस अंगणात येरझाऱ्या कशासाठी घालणार?

"मला ऐकायचं नाही," मी म्हणालो. "माझ्या कानात दडे बसलेत. दीडशे राहिलीत, दाजी. मी या खोडावर बसतो, जंगलाकडे पाठ करून. तुम्ही जा."

"तू बसशील? पाठ करून?"

"रोझालियाची शपथ."

ते गेले. मी पाठ करून बसलो. पावलांचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला, मग बंद झाला. मी ओढा ऐकत बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या टोपलीसाठी देवाची करुणा भाकली. मग झाडीतून हाक आली.

"लेओन!"

मी उठून धावलो, माझ्या गुडघ्यांना झेपेल तेवढा. "पडलात का?"

"पडलो नाही. थांब! तिथेच थांब." मग पडेल आवाजात, "मला वाकता येत नाही."

आम्ही संडास उंच केला, पलंग उंच केला, घरभरच्या वाकण्याचा बंदोबस्त केला, आणि अळंब्या जमिनीवर उगवतात हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"येऊ का?" मी विचारलं.

"ये. डोळे मिटून ये."

"डोळे मिटून कसा येऊ? झाडावर आपटेन."

"बरं, उघडे ठेव. पण इकडेतिकडे बघू नकोस."

मी गेलो. बीचच्या तीन झाडांमध्ये छोटासा उतार होता, आणि त्या उतारावर दाजी काठी रोवून ताठ उभे होते, रिकामी टोपली कोपरात. पायांभोवती वाळक्या पानांतून तपकिरी टोप्या वर आल्या होत्या, दोन डझन तरी असतील. मी गुडघे टेकले. त्यांनी आपला चाकू माझ्या हातात दिला, तो आजवर त्यांनी कुणाला दिला नव्हता.

"हळूच फिरवून काढ. ती नको, ती कीड लागलेली. ती लहान आहे, राहू दे. अरे, बटाटे काढतोयस का?" काठीने दाखवत होते, ओरडत होते, आणि तोल सावरायला दुसरा हात त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवला. मला रडू आलं. मी म्हटलं, गुडघा दुखतोय.

टोपली भरली तेव्हा ते म्हणाले, "पुढच्या वर्षी तू इथे एकटा यायचं नाहीस."

"एकटा येऊन काय करू?" मी म्हणालो. "तुम्ही नसाल तर मला ही जागा सापडायची नाही."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. वाट दारापासून सरळ होती, आंधळ्यालाही सापडली असती.