सतरा नंबरच्या नऊ ओळी

अर्नल्डला माती देऊन तीन आठवडेही झाले नव्हते, तोच डेरेक मिजली नोरीनच्या स्वयंपाकघरात येऊन बसला आणि त्याने तिला बाक देऊ केला.

मी तिथेच होते. नोरीन ॲक्रॉइड माझ्या शेजारच्या घरातली, चर्चमध्येही माझ्याच बाजूला बसणारी. त्या दिवशी मी तिच्यासाठी सूप घेऊन गेले होते. डेरेक म्हणजे स्पिंक लेनच्या बागायत संघाचा अध्यक्ष. हॅलिफॅक्सच्या वरच्या उतारावर नगरपालिकेची जमीन आहे. तिचे तुकडे पाडून लोकांना भाजीपाल्यासाठी भाड्याने देतात. त्यातला सतरा नंबरचा तुकडा एक्केचाळीस वर्षं नोरीनच्या नवऱ्याकडे, अर्नल्डकडे होता. त्याच्या कांद्यांना दरवर्षी बक्षीस मिळायचं. नोरीनने त्या तुकड्यावर एक्केचाळीस वर्षं फक्त चहाचा थर्मास नेला.

डेरेक मोठ्या अदबीने बोलत होता. जागेसाठी साठ जण रांगेत आहेत, तुमचा गुडघा असा, आणि नियम तर तुम्हाला ठाऊकच आहे: बारा ओळींपैकी नऊ ओळी एप्रिलच्या तपासणीपर्यंत लागवडीखाली हव्यात. तेव्हा जागा मोकळी केलीत तर फाटकापाशी अर्नल्डच्या नावाचा एक छान बाक बसवू. तुम्हाला येऊन बसता येईल.

नोरीनने त्याच्या पुढ्यातली केकची ताटली उचलून कपाटात ठेवली.

"बाकावर बसायला मला अजून अवकाश आहे, डेरेक," ती म्हणाली. "नऊ ओळी ना? मोजायला ये."

त्या रात्री माझ्या वहीत मी लिहिलं: 'नोरीनने आज फार मोठं बोलून ठेवलं आहे. प्रभू, तिचा शब्द सांभाळ.' त्या वहीत मी रोज चार ओळी लिहिते, लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून. स्वयंपाक, हवा, कोण आजारी, कुणासाठी प्रार्थना, एवढंच.

नोरीनला एक नाद होता, आणि अख्ख्या गल्लीला त्याचं हसू होतं. रविवारच्या पेपरात रोपांच्या जाहिराती येतात: कूपन कापून पाठवा, रोपं फुकट, फक्त टपालखर्च तुमचा. वर्षानुवर्षं ती कूपनं कापायची आणि खिडकीच्या कट्ट्यावर दह्याच्या डब्यांत काय काय वाढवायची. अर्नल्ड म्हणायचा, ही पोस्टमनची पिल्लं माझ्या जमिनीत नकोत. आणि ती कधीच तिथे गेली नाहीत.

आता ती म्हणाली, सतरा नंबर कूपनांवर लावणार.

चर्चच्या चहाच्या खोलीत तिने हे जाहीर केलं तेव्हा फिलिस हॉइलच्या नाकातून चहा यायचा बाकी राहिला. फिलिसचं म्हणणं खोटं नव्हतं. फुकट कसलं, टपालाच्या पैशातच ते आपला नफा काढतात. रोपं येतात ती नखाएवढी. येतात त्यांच्या सोयीने, आपल्या नाही. आणि एकदा तुमचा पत्ता त्यांना मिळाला की मरेपर्यंत कॅटलॉग येत राहतात. मेल्यानंतरही येतात. तिच्या सासूला अजून येतात.

मीही माझा अनुभव सांगितला. मी एकदा बेगोनियाच्या फुलांची बहात्तर रोपं मागवली होती, त्यातली नऊ जगली. वहीत तसं लिहिलेलं आहे.

"नऊ कशी जगली, ते लिहिलंयस का?" नोरीनने विचारलं.

मी म्हटलं, तसं कोण लिहितं? पण घरी जाऊन वही काढली आणि लिहिलेलं सापडलं. शुक्रवारी पार्सल आलं. उपासनेला जायच्या आधी दहा मिनिटं होती, तेवढ्यात मी नऊ रोपं कुंडीत लावली. उरलेली रविवारी दुपारी. मधले दोन दिवस खोका जिन्याखाली होता. दुसऱ्या दिवशी वही तिच्यापुढे धरली तेव्हा ती हसली नाही.

"गुलाब विकत आणला असतास तर जिन्याखाली ठेवला असतास का गं?" ती म्हणाली. "रोपात काही खोट नव्हती, मॅव्हिस. फुकट आलं म्हणून तुला घाई नव्हती."

मला राग आला. घरी येऊन मी भांडी जरा जोरातच घासली. पण खरं होतं ते.

अडचण वेगळीच होती. कूपनावर बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं: एका घराला एकदाच. एका घराच्या रोपांत एखादी ओळ भरते, नऊ नाही. तेव्हा नोरीनने चर्चमधल्या बायकांना गाठायला सुरुवात केली. माझ्या मनाला ते पटेना. दुसऱ्याच्या नावावर माल मागवायचा ही लबाडी, आणि मी तसं तोंडावर बोलले.

"माझ्यासाठी मागवू नकोस," ती म्हणाली. "तुझ्यासाठी मागव. तुझं नाव, तुझा पत्ता, टपालखर्चही तुझाच. आणि आलं की तुला वाटलं तर मला दे, नाही वाटलं तर लाव तुझ्या अंगणात. मी भीक मागत नाहीये. देणगी मागत्येय."

दोन दिवस मी त्यात काही खोट सापडते का पाहत होते. सापडली नाही. मग कूपन कापलं. आठ जणींनी कापलं. फिलिसनेसुद्धा, फक्त गंमत बघायला म्हणाली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सगळी पार्सलं एकदमच आली. आणि त्याच आठवड्यात जमीन दगडासारखी गोठलेली होती, कुदळ टणकन उडत होती. पार्सलात होत्या फळझुडपांच्या काड्या. रास्पबेरीच्या, ब्लॅककरंटच्या, गूजबेरीच्या. माती नाही, कुंडी नाही, खाली उघड्या मुळांचा झुबका आणि वर बोटाएवढी जाड तपकिरी काडी. पानाचा पत्ता नाही.

नोरीनने सात घरांतल्या काड्या, आणि तिच्या स्वतःच्या, आपल्या न्हाणीघरातल्या टबात उभ्या केल्या. तिथे हीटर नव्हता, हवा थंडगार. मुळं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळली. ज्या पेपरात कूपन आलं होतं तोच पेपर. रोज सकाळ-संध्याकाळ झारीने भिजवायची. अकरा दिवस ती अंघोळीला माझ्याकडे यायची, हातात टॉवेल, केसांवर प्लॅस्टिकची टोपी, भर रस्त्यातून. डेरेकची बायको समोरून आली तर थांबून तिची विचारपूस करायची.

फिलिसचं पार्सल तेवढं त्या टबात नव्हतं. ते आलं तेव्हा ती बहिणीकडे समुद्रकाठी स्कारबराला गेली होती, आणि खोका सहा दिवस तिच्या गरम बॉयलरजवळ पडून राहिला.

जमीन मोकळी झाली त्या शनिवारी आम्ही सगळ्याजणी वर गेलो. मी चाळीस वर्षं संसार केला, पण कुदळ हातात धरली ती पहिल्यांदा. नोरीन गुडघ्याखाली उशी घेऊन ओळीतून सरकत होती. प्रत्येक काडीची मुळं बोटांनी पसरायची, माती दाबायची, मग पुढची. मध्येच स्तोत्र गुणगुणायची, तेही चुकीच्या चालीवर. संध्याकाळपर्यंत नऊ ओळी झाल्या. शेवटची फिलिसच्या काड्यांची.

शेजारच्या तुकड्यावरचे पुरुष कुंपणाला टेकून बघत होते. डेरेक म्हणाला, वाटाण्याला आधाराच्या काठ्या छान लावल्यात, आता वाटाणे कधी पेरणार? पुरुष हसले. नोरीनने मान वर केली नाही.

मग एप्रिल आला आणि गेल्यासारखाच झाला. वारा बोचरा, पाऊस बारीक. सतरा नंबरवर सव्वाशे काड्या उभ्या, जशा लावल्या तशाच. रोज दुपारी नोरीन वर जायची आणि रोज परत येऊन म्हणायची, "अजून नाही." मी रोज वहीत तेच लिहायची. एका रविवारी पाळकसाहेबांनी धीर या विषयावर संदेश दिला, तेव्हा निम्मी बाकं वळून नोरीनकडे बघत होती. ती सरळ समोर बघत होती.

तपासणी एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी. संघाच्या पत्रात लिहिलं होतं: दहा ते पाच. डेरेक दोन सभासदांना घेऊन अकराला सतरा नंबरवर आला, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत. ओळींवरून एकदा नजर फिरवून त्याने मान हलवली. मेलेल्या काड्या म्हणजे लागवड नव्हे, असं त्याचं म्हणणं पडलं. तो वाईट माणूस नाही. त्याला खरंच वाईट वाटत होतं, आणि त्यामुळेच ऐकवत नव्हतं.

"खाली वाक," नोरीन म्हणाली.

"काय?"

"पाठ दुखते का? चर्चच्या रविवारच्या शाळेत मी तुला बुटाची नाडी बांधायला शिकवली, तेव्हा मी वाकले होते. वाक."

तो वाकला. नोरीनने काडीवर अंगठ्याचं नख टेकवलं आणि साल किंचित खरवडली. खाली हिरवं होतं. ओलं, झगझगीत, वाटाण्याच्या शेंगेसारखं हिरवं.

डेरेक म्हणाला, ही एक झाली. तुझी तू निवड, ती म्हणाली. त्याने मधल्या ओळीतली निवडली, स्वतःच्या नखाने खरवडली. हिरवी. त्यापुढची हिरवी. नंतरची तपकिरी, कोरडी. नोरीनने ती तिथल्या तिथे उपटून बाजूला टाकली. "मेलेलं मेलेलं. ते मी जिवंत म्हणणार नाही. पुढे चल." मग ते तिघे पुरुष आणि ती एकेक काडी करत सगळ्या ओळींतून गेले. आठ ओळींत मिळून चौदा मेलेल्या निघाल्या. बाकी सगळ्यांत हिरवं.

नववी ओळ फिलिसची. त्या ओळीत नखाला एकाही काडीत हिरवं लागलं नाही. नोरीनने सगळी ओळ स्वतः उपटली, एकही न सोडता. फिलिस फाटकापाशी उभी होती, तिचा चेहरा बघवत नव्हता.

"आठ," डेरेक हळूच म्हणाला. "नियम नऊचा आहे, मिसेस ॲक्रॉइड."

"नियम पाच वाजेपर्यंतचाही आहे. तुझ्याच पत्रात आहे."

"पाचपर्यंत काय लावणार?"

नोरीनने हनुवटी वर केली. मी तिला इतकी वर्षं ओळखते. अडली की ती असंच करते.

आणि त्याच क्षणी मला आठवलं. गुरुवारी माझ्या दारात एक खोका आला होता. मार्चमध्ये दुसरं एक कूपन दिसलं म्हणून मी पाठवलं होतं, नोरीनला आश्चर्याचा धक्का द्यावा म्हणून. गुरुवारी चर्चच्या विक्रीसाठी केक भाजायचे होते. शुक्रवारी झाडलोट. खोका जिन्याखाली होता. पुन्हा जिन्याखाली.

मी टेकडी उतरले. या वयात मी पळत नाही, पण त्या दिवशी पळाले. वाटेत मी प्रभूकडे मागणी केली नाही, क्षमा मागितली. खोका उघडला तर आत स्ट्रॉबेरीची चोवीस रोपं, पानं पिवळी पडून एकमेकांना चिकटलेली. सिंकमध्ये त्यांची मुळं भिजवली, ओल्या टॉवेलात गुंडाळली, आणि परत चढ चढले.

खोका पुढे करताना मी नोरीनला सगळं खरं सांगितलं, सगळ्यांसमोर. गुरुवार, शुक्रवार, जिना. तिने माझ्याकडे इतकं रोखून पाहिलं की मला वाटलं आता ऐकवते. तिने फक्त खोका घेतला.

"पिवळं आहे," डेरेक म्हणाला.

"पिवळं आहे, मेलेलं नाही. तुला कावीळ झाली तेव्हा तूही असाच दिसायचास."

यावर त्याच्याबरोबरचा एक सभासद हसला, आणि मग डेरेकलाही हसू आवरेना. साडेतीनपर्यंत नववी ओळ लागली. एकोणीस रोपं लावण्याजोगी होती. फिलिसने प्रत्येकाला झारीने पाणी घातलं, कुणी सांगितलं नव्हतं. डेरेकने कागदावर सही केली आणि म्हणाला, पाटी राहू दे, आडनाव तर तेच आहे.

फाटकाच्या खांबाला 'अर्नल्ड ॲक्रॉइड, १७' अशी पाटी होती. नोरीनने पिशवीतून पेचकस काढला. म्हणजे तो तिने सकाळपासून जवळ ठेवला होता.

"अर्नल्ड त्याच्या जागी आहे," ती म्हणाली. "इथे मी आहे." पाटी काढून तिने ती पुसली, हातरुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली, आणि खांबावर नवी लावली. तिचं स्वतःचं नाव, खिडकीच्या कट्ट्यावरच्या दह्याच्या डब्यांना नावं घालायची त्याच रंगाने लिहिलेलं.

आता मला चर्चमधल्या तरुण बायका विचारतात, ही फुकटची रोपं मागवावीत का. मी वही बघून सांगते. फुकट नाहीत, टपालखर्च पडतो, आणि तेवढ्यात बाजारात दोन चांगली मोठी रोपं येतात. पहिल्या उन्हाळ्यात सतरा नंबरवर मूठभर रास्पबेरी झाल्या, त्याही पाखरांनी अर्ध्या नेल्या. दुसऱ्या उन्हाळ्यात मुरंब्याच्या एकतीस बरण्या झाल्या. माझी स्ट्रॉबेरीची एकोणीस रोपं अजून आहेत, त्यांची पोरंबाळं धरून. तेव्हा मागवा, पण ज्या दिवशी दारात खोका येईल त्या दिवशी केक भाजू नका. ते जमणार नसेल तर दोन मोठी रोपं विकत आणा आणि सुखाने राहा.

रास्पबेरी जमिनीखालून पसरते. तिसऱ्या वर्षी शरद ऋतूत डेरेक नोरीनच्या फाटकापाशी टोपी हातात घेऊन उभा राहिला. बाजूला फुटलेल्या पाच-सहा काड्या मिळतील का, म्हणाला. नोरीनने मुळांसकट खणून दिल्या, ओल्या पेपरात गुंडाळून.

"किती द्यायचे?" त्याने विचारलं.

"फुकट," नोरीन म्हणाली. "पण सहा वाजता मी तुझ्या तुकड्यावर येणार आहे. तेव्हा त्या मला जमिनीत दिसल्या पाहिजेत."

आणि ती सहाला गेली.