उंबऱ्यापाशी शून्य

“चामड्याचा वास रूममध्ये बसतो. यांना खाली पार्किंगमध्ये रेकॉर्ड कर.”

आमच्या स्टुडिओचे सर माझ्याशी बोलले. अप्पांशी नाही. अप्पा, माझे वडील, समोरच उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हलगी पोटाशी धरलेली. बंगळुरातल्याच शिवाजीनगरहून एचएसआर लेआउटला स्टुडिओत मीच बोलावलं होतं त्यांना. याच सरांनी मी नोकरीला लागले तेव्हा “अरे वा, मराठी!” म्हणत हात पुढे केला होता. आडनाव ऐकलं आणि हात सैल पडला.

“सरी, बिडु गं, जाऊ दे,” अप्पा नेहमीसारखं कानडी मिसळत म्हणाले. “स्वल्प कागद दे. तापवायला लागंल.”

हलगी जाळावर शेकल्याशिवाय बोलत नाही. गाड्यांच्या मध्ये त्यांनी कागद पेटवले, कातडं शेकलं, वाजवली. मी माइक धरून उभी. सांगितलं तसंच रेकॉर्ड केलं. स्वतःची चीड आली.

मी व्हिडिओ गेमसाठी संगीत करते. हे संगीत खेळणाऱ्याच्या मागे चालतं. प्रत्येक वाद्याचा थर वेगळा. शत्रू जवळ आला की एक थर चढतो, लांब गेला की उतरतो. कुठे काय चढायचं, कुठे गप्प व्हायचं, ते मी ठरवते.

आमच्या गेममधला वीर राक्षसांशी लढत देवळापर्यंत जातो. राक्षस आले, हलगी. गाव पेटलं, हलगी. सगळे खूश. मग देऊळ आलं. मी हलगी आत नेली, थेट देवीसमोर. सरांनी हेडफोन काढले.

“मंदिरात हे नको. उंबऱ्यापाशी झीरो कर. आत फक्त वीणा.”

हलगीच्या आवाजाच्या रकान्यात एक शून्य टाकायचं. बोट कीबोर्डवर गेलंही. आणि लहानपणची जत्रा आठवली. पालखी अप्पांच्या हलगीवर गल्लीभर नाचली. देवळाशी आली आणि अप्पांचा हात थांबला. कुणी सांगितलं नव्हतं. पालखी आत, आम्ही बाहेर चपलांपाशी. “का?” मी विचारलं.

“आपलं वाजवणं इथवरच,” अप्पा म्हणाले.

आता तोच हात माझ्याकडून थांबवून घ्यायचा होता. तोही कायमचा. कुणीही, कधीही खेळो, हलगी उंबऱ्यावर मरणार.

“नाही करणार,” मी म्हणाले.

“पर्सनल घेऊ नकोस. लोकांच्या भावना असतात.”

“आम्हाला नसतात?”

सगळे आपापल्या स्क्रीनमध्ये तोंड घालून बसले. रेकॉर्डिंगचे हक्क देणाऱ्या कुठल्याच कागदावर अप्पांनी सही केलेली नव्हती. मी त्यांची हलगी गेममधून काढून घेतली, सगळीकडून. राक्षसही मुके झाले. माझी नोकरी गेली.

अप्पा भडकले. “पोटावर पाय कशाला मारून घेतलास?”

त्यांचा राग मला कळतो. त्यांनी वाजवून आम्हाला जगवलं, आणि जगवण्यासाठीच थांबत राहिले. पण मी थांबणार नाही. याच शहरात, याच धंद्यात राहीन. माझ्या संगीतात हलगी वाजली तर गाभाऱ्यापर्यंत वाजेल. तिला बाहेर ठेवणारं देऊळ मी उभं करणार नाही, पडद्यावरसुद्धा.