'हलकी' या शब्दाचं वाक्य

"आमच्या बाई हलक्या हायत."

स्वरा उभी राहून बोलली. ताठ उभी, हात पाठीमागे. वाक्य सांगताना उभं राहायचं, आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला पाहिजे, हे मीच शिकवलं होतं. आवाज गेला.

शेवटच्या बाकांवर त्या शुक्रवारी मुलं नव्हती, शिक्षक होते. महिन्यातून एकदा आसपासच्या शाळांचे शिक्षक एका शाळेत जमतात. एकाने नमुना पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी बघायचा. त्या महिन्यात पाळी आमच्या शाळेची होती. बोर्ली पंचतनच्या पुढे खाडीकाठचं गाव, जिल्हा परिषदेची शाळा, तिसरीचा वर्ग माझा. केंद्रप्रमुख पुढे खुर्चीवर बसले होते. शेजारी आमचे मुख्याध्यापक.

गोष्ट कशी शिकवायची, हा माझ्या पाठाचा विषय. गोष्ट मीच रचली होती. पुस्तकातल्या गोष्टीत राजा असतो. आमच्या मुलांनी राजा बघितलेला नाही, आगरदांड्याची जेट्टी बघितलीय. म्हणून माझ्या गोष्टीत एक मुलगी आईबरोबर आगरदांड्याहून दिघीला बोटीने येते आणि वाऱ्याने तिची नवी छत्री उडून पाण्यात पडते. एवढंच. मग मी विचारत गेले. गोष्टीत माणसं कोण? त्यांना पात्रं म्हणायचं. गोष्ट घडली कुठे? बोटीवर. अडचण काय आली? छत्री उडाली. का उडाली?

"हलकी होती म्हणून!" सगळी मुलं ओरडली.

मी फळ्यावर लिहिलं, हलकी. विरुद्ध शब्द विचारला. जड. मग म्हटलं, आता 'हलकी' किंवा 'हलका' घालून वाक्य करा. स्वराचा हात सगळ्यांच्या आधी वर. वर्गातली सगळ्यात हुशार पोर ती.

तिचं वाक्य ऐकून मी हसले. मी अंगाने बारीक आहे. मला वाटलं, पोरगी तेच म्हणतेय.

"म्हणजे वजनाने ना?"

"न्हाय बाई. जातीनं. आजी सांगते. म्हणून तुमच्या हातचं खायाचं न्हाय."

मुलं हसली नाहीत. त्यांना त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, ठाऊक असलेलीच गोष्ट होती ती. हसला मागे बसलेला एक शिक्षक. फस्स असा आवाज आला आणि लगेच तो खोकायला लागला. केंद्रप्रमुखांनी मोबाइल काढला. मुख्याध्यापक पंख्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "छान. बस."

छान. तेच तोंडून निघालं. वाक्याला कर्ता होता, क्रियापद होतं. पुढच्या मुलाला उभं केलं. तो म्हणाला, "कापूस हलका असतो." मी म्हटलं, छान. हातातला खडू जाणवत नव्हता. पाठ संपला. टाळ्या वाजल्या.

जेवणाच्या वेळी मी केलेल्या घावनांचा डबा उघडून ठेवला होता. तो तसाच राहिला. एका बाईंचा उपास होता, एकीचं पित्त खवळलं होतं. आदल्या वर्षीही असंच झालं होतं, तेव्हा मला घावनं बिघडलीत असं वाटलं होतं. पंधरा ऑगस्टला मी वाटलेली चॉकलेटं शाळेमागच्या निवडुंगात पडलेली मी बघितली होती. मुलं घाण करतात म्हणून वर्गाला रागावले होते. आता डबा समोर घेऊन बसले आणि एकेक गोष्ट आपोआप उलगडत गेली. रडू आलं नाही. राग आला नाही. पाय बधिर होतो ना बराच वेळ मांडी घातल्यावर, तसं सगळं अंग.

सगळे गेल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, "लहान मूल आहे. घरात ऐकतं ते बोलतं. तुम्ही पण बाई, दुसरा शब्द घ्यायचा. लांब-आखूड घ्यायचा."

मी म्हटलं, "हो सर."

रविवारी गावी गेले. आमचं गाव माणगावकडे, आत. आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. "ऱ्हाव दे बाय. नोकरी सांभाळ," एवढंच म्हणाली. बाबा ओटीवर बसले होते. आयुष्यभर न्हावा शेव्याला माल चढवला-उतरवला, आता त्यांना पाठ सरळ करता येत नाही. त्यांनी सगळं ऐकलं.

"मंग तू काय बोल्लीस?"

"काय न्हाय. बस म्हटलं."

"त्या पोरीला आता काय वाटत आसंल? बरोबर बोल्ली म्हनून?"

तोवर मी माझाच विचार करत होते. आठ वर्षांची पोर शाळेत शब्द शिकायला येते, चुकीचा अर्थ सांगते आणि तिची बाई तिला छान म्हणते. बाबांनी तेवढंच विचारलं. त्यांना सवय नाही जास्त बोलायची.

सोमवारी शाळेत पोचले तर स्वराचे वडील बसलेले. ते शाळा समितीचे अध्यक्ष. पांढरा शर्ट, गाडीची चावी टेबलावर. स्वरा त्यांच्या खुर्चीला चिकटून उभी. मला वाटलं, माणूस माफी मागायला आलाय. खरंच वाटलं तसं. मी मनात म्हणत होते, असू दे, असू दे म्हणायचं.

ते म्हणाले, "बाई, तुम्ही चार लोकांत आमचं नाव घालवलंत. पोरीच्या तोंडून नको ते वदवून घेतलंत. तालुक्याला चर्चा चाललीय."

मी मुख्याध्यापकांकडे बघितलं. ते खाली बघत म्हणाले, "असं करू या बाई. तिसरीचं मराठी चौथीच्या जोशीबाईंकडे देऊ. तुम्ही गणित घ्या. गणितात असं काही निघत नाही. आणि स्वराला एकदा जवळ घेऊन सॉरी म्हणा. विषय मिटला."

विषय. मिटला.

कुठून आलं ते मला माहीत नाही. आवाज चढला नाही माझा. उलट इतका खाली गेला की त्यांना पुढे वाकावं लागलं.

"मी माफी मागणार नाही. मराठी पण सोडणार नाही."

"बाई, वाढवू नका," अध्यक्ष म्हणाले.

"वाढवत नाही. एकच विचारते. स्वरा म्हणाली ते खरं की खोटं?"

"आता जुनी माणसं बोलतात काहीतरी..."

"आजींचं नाही विचारत. तुम्ही सांगा. मी हलकी आहे का? पोरगी ऐकतेय. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा."

स्वराने वडिलांकडे मान वर करून बघितलं. वर्गात प्रश्न विचारल्यावर बघते तशीच, उत्तराची वाट बघत. नाही म्हणायला काय लागतं? एक शब्द. पहिलीतलं पोर लिहितं. त्या माणसाच्या तोंडातून तो निघाला नाही. त्यांनी चावी उचलली, पोरीचा दंड धरला आणि ते गेले.

"बदली होईल तुमची," मुख्याध्यापक म्हणाले. "मी काही करू शकणार नाही."

"तुम्ही शुक्रवारी पण काही केलं नाहीत, सर."

मी वर्गात गेले. फळ्यावर परत तो शब्द लिहिला. मुलांना सांगितलं, शुक्रवारी मी एका वाक्याला छान म्हटलं. ते चुकीचं होतं. कापूस हलका असतो, छत्री हलकी असते, माणूस जातीने हलका नसतो. कुणीही सांगितलं तरी नसतो. एक मुलगा म्हणाला, "पन आमच्या घरी पन म्हनतात." मी म्हटलं, घरचे चुकतात. त्याला पटलं की नाही, मला कळलं नाही. मी पुढचा शब्द घेतला.

स्वरा परत आली नाही. तिला बोर्लीतल्या इंग्रजी शाळेत घातलं. सकाळी तिची व्हॅन आमच्या फाटकासमोरून जाते. पहिले काही दिवस ती खिडकीतून बघायची, आता बघत नाही. तिच्यामागे आणखी दोघं गेली. मुख्याध्यापक माझ्याशी कामापुरतं बोलतात. जोशीबाई बोलतच नाहीत. बदलीचं काय ते अजून कळलेलं नाही. अंगातला तो बधिरपणाही पुरता गेलेला नाही. जेवताना, चालताना मध्येच येतो. येऊ दे. त्याच्यासकट मी रोज शिकवते.

जूनमध्ये नवी मुलं येतील. ह्या शाळेत नाहीतर दुसऱ्या कुठल्या. घरी कुणीतरी त्यांना माझ्याबद्दल सांगणारच. त्याच्या आधी मी सांगणार. पहिल्या दिवशी, आई-बाप पोरांना सोडायला आलेले असतानाच, वर्गाच्या उंबऱ्यात उभी राहून. मी बौद्ध आहे. माझ्या बापाने बंदरावर माल उचलून मला शिकवलं. तुमच्या मुलांना मराठी मी शिकवणार आहे. ज्यांना चालत नसेल त्यांनी आत्ताच पोराचा हात धरावा आणि माझ्या तोंडावर तसं सांगून जावं.

मी उंबऱ्यातून हलणार नाही.