मैत्री व्हिडिओ गेम, स्मृती नगर

आमच्या भाऊजींइतका नियमानं वागणारा माणूस भिलाईत दुसरा झाला नाही, आणि झाला असलाच तर भाऊजींनी त्याच्या चार चुका दाखवून त्याला परगावी बदली मागायला लावली असेल. नात्यानं ते माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. वर्ध्याकडून लग्न होऊन मी स्मृती नगरच्या घरात आले तेव्हा नव्या सुनेला कोणी साडी दिली, कोणी भांडी दिली. भाऊजींनी मला घराचा मेन स्विच दाखवला. मग गॅसचा रेग्युलेटर दाखवला, मग जिन्याखाली ठेवलेली वाळूची लाल बादली. दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर त्यांनी शांतपणे विचारलं, "बाई, घराले आग लागली तर तुमी पयले का करान?" मी शाळेत शिकवणारी, म्हणून पहिल्या दिवसापासून ते मला बाई म्हणतात. मी म्हटलं, तुम्हाला हाक मारीन. त्यांनी मला दहापैकी चार गुण दिले.

भिलाईच्या पोलाद कारखान्यात ते इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये होते. भट्टीच्या तापमानाचे काटे खरं बोलतात की खोटं, हे तपासण्याचं त्यांचं काम. सारी नोकरी काट्यांवर संशय घेण्यात गेल्यामुळे जगातली कुठलीच गोष्ट ते सांगितल्याबरोबर मान्य करत नसत. बल्ब बदलायला स्टुलावर चढताना हेल्मेट घालत. औषधाच्या डबीतला घडी घातलेला कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचत, आणि रक्तदाबाच्या गोळीचा कागद वाचता वाचता त्यांचाच रक्तदाब वाढला तेव्हा त्याचीही नोंद त्यांनी डॉक्टरांना दिली. माझ्या नणंदेच्या लग्नात नवरदेव मांडवाच्या दारात अर्धा तास उभा होता, कारण दिव्यांच्या माळेच्या वायरचा एक जोड उघडा असल्याचं भाऊजींनी पाहिलं आणि टेप आणायला माणूस शेजारच्या जुनवानीला पाठवला. वऱ्हाडी चिडले. पण टेप लागेपर्यंत भाऊजी दारात हात आडवे करून उभे राहिले आणि एकही माणूस आत गेला नाही.

अशा माणसानं व्हिडिओ गेमची कंपनी काढावी, हे मला कोणी लग्नाआधी सांगितलं असतं तर मी हसले असते. घडलं ते असं. त्या काळी घरोघरी टीव्हीला जोडायचे खेळ आले होते. शेजाऱ्यांकडे भाऊजी फ्यूज बघायला गेले असताना त्यांनी पडद्यावर एक मिशीवाला माणूस खड्ड्यात पडताना पाहिला. पडला, मेला आणि लगेच पुन्हा उभा राहून पळायला लागला. भाऊजी फ्यूज विसरले. घरी येऊन ते दोन दिवस अस्वस्थ होते. खड्ड्यात पडलेला माणूस असा उभा राहतो, हे पोरांच्या डोक्यात भरवणं त्यांना गुन्हा वाटत होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी जेवताना जाहीर केलं की खरा खेळ आता ते स्वतःच तयार करणार आहेत. माझ्या जाऊबाईंनी त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. भाऊजींनी काही जाहीर केलं की त्या एवढंच करत.

भागीदार म्हणून त्यांनी साहूजींना घेतलं. साहूजी जवळच्या उतई गावचे, कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढत. स्वभावानं अगदी उलट. भाऊजी दार लावून तीनदा ओढून बघत, साहूजींना दार असतं हेच आठवत नसे. भाऊजी त्यांच्याशी मराठीत बोलत, साहूजी छत्तीसगढीत उत्तर देत, आणि इतक्या वर्षांत दोघांनाही दुसऱ्याची भाषा वेगळी आहे असं वाटलं नव्हतं. साहूजींनी ग्राफपेपरवर एकेक चौकोन रंगवून चित्रं काढली, भाऊजींनी रात्रपाळीची झोप मोडून आकडे लिहिले, आणि दीड वर्षानं आमच्या गॅरेजवर पाटी लागली: मैत्री व्हिडिओ गेम. गावात मैत्री बाग हे प्राणिसंग्रहालय आधीपासून असल्यामुळे पहिले सहा महिने लोक येऊन पांढऱ्या वाघाची वेळ विचारत.

खेळाचं नाव होतं 'क्रेन'. शेडच्या छताखाली एक क्रेन, तिला लटकलेलं वितळलेल्या लोखंडाचं भांडं, आणि ते न सांडता या टोकाहून त्या टोकाला न्यायचं. मध्ये कबुतरं येत, खालून कुत्रं जाई, कधी साहेब पाहणीला येत. टीव्हीला जोडायचा खेळाचा डबा भाऊजींनी पत्र्याचा करून घेतला होता. तो पायावर पडला तर पाय मोडेल, डबा मोडणार नाही, याची त्यांनी खात्री करून घेतली होती. पण खरी गंमत आतच होती. बाकीच्या खेळांत तीन जीव मिळत, भाऊजींच्या खेळात एकच. लोखंड सांडलं की पडदा लाल होई, डब्यावर लाल दिवा लागे, आणि पंधरा मिनिटं काहीही केलं तरी खेळ सुरू होत नसे. वायर काढून लावली तरी नाही. त्या पंधरा मिनिटांत खेळणाऱ्यानं आपली चूक काय झाली याचा विचार करावा, अशी अपेक्षा होती. पोरं बाहेर क्रिकेट खेळायला जात आणि परत येत नसत.

तरी एक संधी आली होती. रायपूरचा एक व्यापारी खेळ बघायला आला. डब्याचं वजन, चित्रं, सगळं त्याला आवडलं. त्याचं म्हणणं एकच: तीन जीव द्या आणि तो लाल दिवा काढा, मी सगळा माल उचलतो. साहूजी लगेच हो म्हणाले. भाऊजी म्हणाले, "क्रेनवाल्याले एकच जीव रायते. तीन कुटून आणू?" साहूजींनी समजावलं की हा खेळ आहे, कारखाना नाही, लेकरांना आणखी एक संधी द्यायला काय हरकत आहे. भाऊजींनी व्यापाऱ्यासमोरच सांगितलं की ज्याला संधी वाटायच्या आहेत त्यानं लॉटरीचं दुकान काढावं. व्यापाऱ्यानं चहा अर्धा ठेवला. साहूजींनी आपल्या ग्राफपेपरची गुंडाळी उचलली, बगलेत धरली आणि गेले. जाताना दार उघडंच ठेवलं. ते भाऊजींनी लावलं आणि नेहमीसारखं तीनदा ओढून पाहिलं. कंपनी तिथं संपली.

उरलेले डबे घरभर पसरले. जाऊबाई लोणच्याच्या बरणीवर दाब म्हणून एक ठेवत, दोन डबे दारांना अडसर झाले, एकावर त्या पापड लाटायला बसत. भाऊजी कंपनीबद्दल बोलत नसत आणि साहूजींबद्दल तर मुळीच नाही. पुढं दोघंही निवृत्त झाले, पण दोघांचं पेन्शन एकाच बँकेत. त्यामुळे दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला दोघं एकाच रांगेत येत, पाठीला पाठ लावून उभे राहत, आणि आपण जिवंत असल्याचं एकमेकांना न दाखवता बँकेला दाखवून घरी परतत. एका नोव्हेंबरात साहूजी रांगेत नव्हते. भाऊजी सलग चार दिवस बँकेत गेले. विचारलं तर म्हणाले, पासबुक छापून यायचं आहे. चार दिवस पासबुकात काय छापत होते, ते आम्ही विचारलं नाही. पुढच्या वर्षी साहूजी रांगेत दिसले, तेव्हा घरी येऊन भाऊजींनी स्वतःहून मागून दोन कप चहा घेतला.

आणि मग मागच्या उन्हाळ्यात पुण्याहून एक फोन आला. बोलणारा गृहस्थ भिलाईतच वाढलेला, आता तिकडे सॉफ्टवेअरमध्ये. आईवडिलांचं क्वार्टर रिकामं करताना त्याला माळ्यावर आमचा डबा सापडला होता. लावला, तर पहिल्या फटक्यात सुरू झाला. त्यानं खेळतानाचा व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकला. अर्थात पहिल्याच मिनिटाला लोखंड सांडलं, लाल दिवा लागला, आणि पुढची पंधरा मिनिटं त्याला दुसरं काही करता येईना म्हणून तो कॅमेऱ्यासमोर आपल्या लहानपणाबद्दल बोलत बसला. तेच लोकांना फार आवडलं. हजार जीव देणाऱ्या खेळांना कंटाळलेली मंडळी आता एका जिवाचा खेळ मागत होती. पुण्यातले चौघे मिळून तो पुन्हा बाजारात आणायला तयार होते, नाव तेच, डबाही पत्र्याचाच. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लाल दिवा ठेवान ना?" तो म्हणाला, दिव्यासाठीच तर लोक मागताहेत. भाऊजींनी फोन ठेवला आणि बराच वेळ हात चोळत बसले. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यांनाही ते नीट जमत नव्हतं.

अडचण एकच होती. कंपनी भागीदारीत होती, कागदावर दोघांच्या सह्या लागणार होत्या. भाऊजी म्हणाले, मग राहू द्या. पंधरा दिवस त्यांनी राहू दिलं. मग एका सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तुमाले उतईले काम होतं ना." मला काही काम नव्हतं. मी गाडीची चावी घेतली.

उतईत साहूजींच्या फाटकासमोर गाडी थांबली तरी भाऊजींनी मागच्या सीटवरचा पट्टा सोडला नाही. मीच आत गेले. साहूजी अंगणात खाटेवर बसून वांगी निवडत होते. फार वाळले होते. त्यांनी मला ओळखलं, फाटकाबाहेरची गाडीही ओळखली. सही करायला त्यांची ना नव्हती, पण तीन जीव द्यायचे, ही अट होती. मी गाडीशी जाऊन सांगितलं. भाऊजी म्हणाले, एक. मी आत जाऊन सांगितलं. साहूजी म्हणाले, तीन. तिसऱ्या फेरीला मी दोघांनाही सांगितलं की मी निवृत्त शिक्षिका आहे, पोस्टमन नाही. तेव्हा साहूजी उठले, हळूहळू चालत गाडीपाशी आले, काचेसमोर उभे राहिले आणि शर्टाची बटणं सोडली. छातीवर मधोमध वरपासून खालपर्यंत टाक्यांची रेघ होती.

"तोर खेल म त मैं मर गे रहितेंव," ते म्हणाले. तुझ्या खेळात तर मी मेलोच असतो.

भाऊजी त्या रेघेकडे बघत राहिले. चुकीचा काटा बघावा तसे. मग त्यांनी पट्टा सोडला, खाली उतरले आणि विचारलं ते एवढंच, की ऑपरेशन कोणत्या महिन्यात झालं. नोव्हेंबरात, साहूजी म्हणाले.

"मनून तू लाइनीत नवता," भाऊजी म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "जवळ कोन होतं?"

साहूजींनी सांगितलं की मुलगा तेव्हा परदेशात होता, सून येऊन जाऊन असे, रात्री एकटेच. मग त्यांनी भाऊजींच्या हाताला धरून त्यांना खाटेवर आणून बसवलं आणि वांग्यांची टोपली दोघांच्या मध्ये ठेवली. मी गाडीत जाऊन बसले. तासाभरानं भाऊजी परत आले ते एका हातात सही केलेले कागद आणि दुसऱ्या हातात वांगी घेऊन. वाटेत जुनवानीच्या वळणावर म्हणाले, "दोन देऊ. तीन जास्त होतात."

एकाचे दोन जीव करायचे म्हणजे तासाभराचं काम, असं पुण्यातली मंडळी म्हणत होती. भाऊजींनी महिना घेतला. पहिला जीव गेल्यावर दुसरा लगेच कसा द्यायचा, हे त्यांना पटेना. शेवटी त्यांनी दोन जिवांच्या मध्ये लाल दिव्याची पंधरा मिनिटं तशीच ठेवली. ऑपरेशन म्हटलं तर इतका वेळ कमीच, असं त्यांचं म्हणणं. त्या वेळासाठी एक चित्र हवं होतं, म्हणून साहूजींना बोलावलं. साहूजी दर बुधवारी बसनं येऊ लागले. त्यांनी ग्राफपेपरवर दवाखान्याची खोली काढली: एक खाट, खाटेवर क्रेनवाला, शेजारी एक रिकामं स्टूल. भाऊजींनी कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले की पेशंटजवळ एक माणूस लागतो, तसा दवाखान्याचा नियमच आहे, तेव्हा स्टुलावर कोणीतरी बसलेलं दाखव. कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. साहूजींनीही विचारलं नाही. पेन्सिल घेतली आणि आठ चौकोन उंचीचा एक माणूस स्टुलावर बसवला.

खेळ निघाला आणि विकला जातो आहे. ती पंधरा मिनिटं कमी करा, अशी पत्रं येतात आणि भाऊजी प्रत्येक पत्राला नाही म्हणून सविस्तर उत्तर लिहितात. बुधवारी साहूजी आले की बैठकीत टीव्ही लागतो. साहूजी खेळायला बसतात आणि पहिल्याच मिनिटाला लोखंड सांडतात, दर वेळी, त्याच कोपऱ्यात. चित्र त्यांनीच काढलेलं, तो कोपरा त्यांना ठाऊक नाही असं म्हणता येत नाही. पडदा लाल होतो, खाट आणि स्टूल दिसू लागतं. जाऊबाई चहा देतात. दोघं समोर बघत बसतात, एक मराठीत बोलतो, दुसरा छत्तीसगढीत. पंधरा मिनिटं कधी संपली ते त्यांच्या लक्षात येत नाही. क्रेन पडद्यावर परत येऊन उभी असते. मग साहूजींची बसची वेळ होते आणि दुसरा जीव बहुतेक तसाच शिल्लक राहतो.