बॅगांचं नाटक आणि माझा वन्स मोअर

चहा ओतून झाला ना सगळ्यांचा? मग सांगतो. पण आधी कबूल करा, की ऐकून झाल्यावर "अरे, पण तू असं केलंसच का?" हा प्रश्न विचारायचा नाही. तो बायकोने विचारून झालाय, पुण्याहून आईने व्हिडिओ कॉलवर विचारून झालाय, आणि मी स्वतः रोज दाढी करताना आरशाला विचारतो. उत्तर नाही. माती खाल्ली, एवढंच.

तर आमची सई. वय पंधरा. जन्म पुण्यातला, पण कळायला लागलं ते इथे डब्लिनजवळ ॲडम्सटाउनला, त्यामुळे मराठी सगळं समजतं आणि उत्तर आयरिश इंग्रजीत येतं. तेसुद्धा आलं तर! गेलं वर्षभर माझ्या वाट्याला दोनच शब्द आले होते, 'ग्रँड', म्हणजे इथल्या बोलीत 'ठीक', आणि 'व्हॉटेव्हर'. शाळा कशी झाली गं? ग्रँड. जेवायला काय करू? व्हॉटेव्हर. आईशी मात्र तासन्‌तास खुसुरफुसुर चालायची. मी खोलीत गेलो की दोघी गप्प व्हायच्या. बापाने काय समजायचं यातून?

या मुलीला नाटकाचं वेड. म्हणजे वेड माझ्याकडूनच आलेलं, पण ते सांगायची सोय नाही. न्यूयॉर्कमध्ये कुठल्याशा टीचभर थिएटरात एक म्युझिकल आलं होतं. ब्रॉडवे नव्हे बरं का, ऑफ-ब्रॉडवे. मी एकदा चुकून नुसतं ब्रॉडवे म्हणालो, तर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे आठवडाभर त्या विषयावर तोंड उघडलं नाही.

विषय काय असेल या नाटकाचा? विमानतळावर हरवलेल्या सामानाची खोली असते ना, तिथे पडून राहिलेल्या बॅगा. त्या गातात! एक खोकणारी जुनी ट्रंक, एक गिटारची रिकामी पेटी, आणि नायिका म्हणजे एक हिरवी सुटकेस, जिला न्यायला कुणी येतच नाही. मी म्हटलं, यात गोष्ट काय आहे? सई म्हणाली, "यू वुडन्ट गेट इट, बाबा." झालं. विषय संपला.

पण या नाटकाचे भक्त जगभर. त्यांचा फोनवर ग्रुप. नाटक बहुतेकांनी पाहिलेलं नाही, फक्त गाणी ऐकलेली, तरी हिरवीचं हँडल कुणी तोडलं यावर मारामाऱ्या. आमच्या घरात वर्षभर सकाळ-संध्याकाळ बॅगा गात होत्या. आणि एक दिवस बातमी आली, की बॅगा डब्लिनला येणार. थोडेच प्रयोग. सई जिन्यावरून किंचाळत खाली आली, मला वाटलं घराला आग लागली.

तिकिटं काढली होती तिने आणि तिच्या मैत्रिणीने, नीव्हने. शनिवारी दुपारचा प्रयोग. शुक्रवारी नीव्ह तापाने आडवी. मग आईला, म्हणजे मंजिरीला विचारलं, तर तिची त्या दिवशी प्लांटमध्ये शिफ्ट. मग शाळेतल्या आणखी दोघीतिघींना विचारलं. कुणीच मोकळं नाही म्हटल्यावर सई माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि एकदम अटीच सांगायला लागली. घरून खायचं काही न्यायचं नाही. गाण्यांबरोबर गुणगुणायचं नाही. आणि 'आमच्या पुण्यात' असं सुरू होणारं एकही वाक्य बोलायचं नाही.

मी सगळं मान्य केलं. अहो, मला त्या बॅगांशी काय देणंघेणं! मला एवढंच हवं होतं, की परत येताना ट्रेनमध्ये माझी मुलगी माझ्याशी बोलावी. कशाबद्दलही. हँडलबद्दल बोलली तरी चालेल.

तिला काय हवं होतं म्हणाल, तर प्रयोगानंतर मागच्या दाराशी हिरव्या सुटकेसचं काम करणारी नटी चाहत्यांना भेटते म्हणे. तिला काय सांगायचं याची तालीम आमच्या बाथरूमात महिनाभर चालू होती. गळ्यात घालायला एक सामानाचं लेबल केलं होतं, त्यावर सही घ्यायची होती. ट्रेनमध्ये ती ते लेबल मुठीत धरून बसली होती.

आणि तिथेच ट्रेनमध्ये तिने मला आणखी एक गोष्ट सांगितली. ऑफिसचा मेसेज आला होता, मी त्याला उत्तर देत होतो. मी "हो हो" म्हणालो. पुढचं सगळं रामायण त्या 'हो हो'त आहे.

थिएटर लहान, आमच्या सोसायटीच्या हॉलएवढं. अर्ध्या लोकांच्या गळ्यात लेबलं. उरलेले साधेसुधे शेजारपाजारचे म्हातारे-म्हाताऱ्या. पडदा नाही, मागे एक सरकता पट्टा, कोपऱ्यात पियानोवाला. मी मनाशी ठरवलं होतं, की डोळे मिटून अडीच तास काढायचे.

पण खोटं कशाला बोलू, पहिल्या अंकातच मी विरघळलो. ती ट्रंक गायला लागली ना, की आपल्याला कुठे जायचं होतं तेच आता आठवत नाही, तेव्हा मी खिशातला रुमाल काढला. परदेशात इतकी वर्षं राहिलेल्या माणसाने हे ऐकून कोरडं कसं राहायचं, सांगा बरं? मध्यंतरात दिवे लागले, तर मी रुमालाने नाक पुसत होतो. सईने बघितलं. आणि काय सांगू, ती चक्क मराठीत बोलली.

"आवडलं ना? मला माहीत होतं बाबा, तुला आवडणार."

वर्षभरानंतर! मराठीत! अख्खं वाक्य! मी हवेत. मला वाटलं, जिंकलो. दुसऱ्या अंकाला बसलो तो असा खुशीत, की बॅगांनी माझ्याकडे किडनी मागितली असती तरी दिली असती.

आता जरा लक्ष देऊन ऐका. दुसऱ्या अंकाच्या शेवटाकडे हिरव्या सुटकेसला समजतं, की आता कुणी येणार नाही. ती पट्ट्यावर चढते आणि गाते. काय गायली हो ती पोरगी! शेवटचा सूर तिने इतका बारीक लावला, की पियानोवाल्याने हात उचलले तरी तो तसाच राहिला. मग तोही विरला.

आणि तुम्हाला ठाऊक आहे माझं घराणं कुठलं. वडील संगीत नाटकाचा एकही प्रयोग सोडायचे नाहीत आणि मला मांडीवर घेऊन बसायचे. नटाने जीव ओतून पद म्हटलं, की प्रेक्षकांतून 'वन्स मोअर' जायलाच हवा. मग नट वाकून नमस्कार करतो आणि पद पुन्हा म्हणतो. त्याहून मोठा मान नाही. आणि तो पहिला आवाज द्यायलाही अंगात कसब लागतं, सूर विरल्यावर आणि टाळ्यांच्या आधी, मधल्या त्या फटीत. वडिलांचा कधी चुकला नाही.

मी उठलो. डावा हात छातीवर, उजवा हात वर, गालांवरून पाणी वाहतंय, आणि पोटातून आवाज काढला, "वन्स मोऽऽअर!"

सईने ट्रेनमध्ये काय सांगितलं होतं, ते मला तेव्हा आठवलं. या गाण्यानंतर कुणीही टाळी वाजवत नाही. पट्टा हलायला लागतो, हिरवी त्याच्यावरून हळूहळू अंधारात जाते, आणि तोवर अख्खं थिएटर श्वास रोखून बसतं. जगभरचे भक्त त्या शांततेसाठी येतात. त्या शांततेत मी वन्स मोअर दिला होता.

ती नटी दचकली. तेवढ्यात पायाखालचा पट्टा हलला, त्यामुळे ती धपकन बसली. लेबलवाले सगळे माझ्याकडे वळून 'श्श' करायला लागले. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याला माझं म्हणणं भलतंच पटलं. तो म्हणाला, अगदी बरोबर आहे, गा पुन्हा. त्याच्या शेजारणीने ठेका धरला. आयर्लंडमध्ये 'वन मोअर ट्यून' म्हणत टाळ्या वाजवायला कुणाला फार आग्रह लागत नाही. अर्धं थिएटर टाळ्या, अर्धं थिएटर श्श, आणि मधोमध मी, हात वर करून.

दिवे लागले. कानात वायर घातलेली एक बाई धावत आली आणि माझ्यापुढे वाकून हळूच म्हणाली, "आर यू ऑल राइट, सर? इज इट युअर चेस्ट?"

मी सईकडे बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक. मला वाटलं, लाजेने. मनात म्हटलं, आता पोरीची अब्रू वाचवायचा एकच मार्ग आहे. अडाणी बाप असण्यापेक्षा आजारी बाप परवडला. आणि मी मान हलवली. हो, छातीच. वर थोडा कण्हलोसुद्धा. कुठून बुद्धी झाली देव जाणे.

मग काय, चाकाची खुर्ची आली. मला बाहेर नेलं. आणि मी हा विचारच केला नव्हता, की बापाला बाहेर नेलं तर पंधरा वर्षांची मुलगी आत कशी बसेल? सई माझ्यामागून बाहेर आली. आत नाटक पुन्हा सुरू झालं, शेवटचा प्रवेश, ज्याच्यासाठी वर्षभर घर डोक्यावर घेतलं होतं, आणि बंद दाराबाहेर ती माझ्या खुर्चीचा दांडा धरून उभी. मला बोलायची सोय नाही, कारण ती वायरवाली बाई माझी नाडी धरून बसलेली.

ॲम्ब्युलन्स आली. त्यातल्या माणसाने तारा लावून बघितलं आणि म्हणाला, हार्ट ग्रँड दिसतंय, पण नियम म्हणजे नियम, हॉस्पिटलात तपासून घेऊ. मला स्ट्रेचरवर बांधत होते तेवढ्यात प्रयोग संपला आणि ती नटी, अंगात तोच हिरवा पोशाख, धावत बाहेर आली. तिने माझा हात हातात घेतला आणि रडली. तिच्या वडिलांनाही असंच झालं होतं म्हणे. मग तिने सईला जवळ घेतलं आणि म्हणाली, किती धीराची आहेस गं तू.

सई तिच्यापासून हातभर अंतरावर. मुठीत लेबल. महिनाभर पाठ केलेलं भाषण. पण बापाला स्ट्रेचरवर बांधत असताना कुठली मुलगी सही मागेल? ती फक्त "थँक्यू" म्हणाली. बघवत नव्हतं हो मला.

ॲम्ब्युलन्समध्ये तिने माझा हात घट्ट धरला होता. केवढ्या वर्षांनी. मला तो हात सोडवेना, आणि खोटंही सहन होईना. शेवटी पुढ्यातल्या माणसाला कळू नये म्हणून मराठीत, हळू आवाजात सांगून टाकलं, की अगं मला काहीही झालेलं नाही, मी नुसता वन्स मोअर दिला होता.

तिने आधी हात सोडला.

"म्हणजे मी आत बसू शकले असते?"

मग ती रडायला लागली, हमसून हमसून, आणि इंग्रजीत गेली. "आय थॉट यू वर डायिंग, बाबा."

मी स्ट्रेचरवर बांधलेला, तोंड लपवायलासुद्धा जागा नाही.

आता इथे संपलं असतं तर मी तुम्हाला बोलावून सांगितलं नसतं. त्या भक्तांच्या ग्रुपवर दुसऱ्या दिवशी बातमी फिरली, की डब्लिनच्या प्रयोगात एक काका, म्हणजे आपल्या सईचे बाबा, गाणं ऐकता ऐकता कोसळले. दुपारपर्यंत मी अत्यवस्थ झालो. संध्याकाळी न्यूयॉर्कच्या कुणीतरी लिहिलं, की ते गाणं हेच त्यांनी शेवटचं ऐकलं. झालं, मेणबत्त्या सुरू! कुणी माझ्या आत्म्याला शांती दिली, कुणी माझं चित्र काढलं, त्यात मी हातात बॅग घेऊन ढगात चाललोय.

मी सईला म्हटलं, अगं, सांग की त्यांना, बाप धडधाकट आहे, समोर बसून पोहे खातोय. तिने फोनवरून मान वर केली आणि शांतपणे मला समजावलं. जिवंत आहे म्हणून सांगितलं, तर मग मूर्खासारखा ओरडला कशाला, तेही सांगावं लागेल. त्यापेक्षा आहे ते ठीक आहे.

तर सध्या मी तसा वारलेलो आहे. पुढच्या महिन्यात बॅगा लंडनला येतायत. तिथल्या भक्तांनी सईसाठी पहिल्या रांगेतली दोन तिकिटं ठेवली आहेत, एक तिला आणि एक, तुम्हीच ऐका, तिच्या विधवा आईला. नटी दोघींना मुद्दाम आत बोलावून भेटणार आहे. मंजिरी उत्साहाने पांढरी साडी इस्त्रीला देऊन आली.

त्यांना विमानतळावर सोडायचं काम अर्थात माझंच. कालच सईने मला पूर्ण मराठीत, अगदी प्रेमाने सांगितलं, "बाबा, तिथे ग्रुपमधले दोघं भेटणार आहेत. तू गाडीतून उतरू नकोस."